दुमडलेला कागद

पाचव्या महिन्यातल्या समीक्षाने बाळंतपणाची सव्वीस आठवडे रजा मागितली, तेव्हा पनवेलच्या त्या साडीच्या दुकानाचे मालक परेशशेठ हसलेच. "सव्वीस? अगं, पोराला शाळेत घालूनच येणारेस की काय?"

समीक्षाने पर्समधून कायद्याचा छापील कागद काढला. सव्वीस आठवड्यांच्या ओळीखाली लाल रेघ होती आणि तिच्या खालचा भाग मागे दुमडून पिनेने पक्का केलेला होता.

"खाली काय दडवलंयस?"

"तेवढं नका उघडू, शेठ. आई बोलते, या दिवसांत ते नजरेला पन नाय पडायला पायजे."

खाली नक्की आपल्या फायद्याचं कलम असणार, हे शेठनी ताडलं. पण दुकानातल्या बायका साड्यांच्या घड्या घालायच्या थांबून बघत होत्या. शेठनी रजेच्या अर्जावर सही केली.

पंधरा दिवसांनी समीक्षा चार दिवस न सांगता गैरहजर राहून आली.

"रजा आत्तापासूनच सुरू केलीस वाटतं?" शेठनी चिमटा काढला.

तिने तोच कागद पुढे केला. पिन काढलेली होती.

 

खालची ओळ होती : गर्भपात झाल्यास, रजा सहा आठवडे.