कुठल्या कुळाचा किल्ट

“बरं, तुमचा क्लॅन कुठला?” दुकानदारानं हसत विचारलं, आणि कमरेला किल्ट, म्हणजे तो स्कॉटिश पुरुषांचा घागरा, गुंडाळून आरशासमोर उभा असलेला प्रणय उगाच पट्टा घट्ट करत राहिला.

म्हातारा मूळचा स्कॉटिश. कॉव्हेंट्रीत दुकान टाकून त्याला तीस वर्षं झाली होती. क्लॅन म्हणजे कूळ, आणि एकेका कुळाची म्हणे कापडावरच्या चौकटींची एकेक नक्षी, असं तो कौतुकानं सांगत होता. मग स्वतःच हात झटकून म्हणाला, “आता काय, कुणी काहीही घाला! कोण विचारतंय?”

प्रणयला चौकटी नकोच होत्या. पुढच्या आठवड्यात तो आणि त्याचा मित्र पुष्कर सायकलींवर स्कॉटलंडला निघणार होते. दिवसभर सायकल मारली की घामानं चिकटलेली ती सायकलची घट्ट चड्डी कधी एकदा उतरवतो असं होतं, आणि कॅम्पसाइटवर आडोसा कुठला मिळायला! वरून किल्ट गुंडाळला की आतल्या आत चड्डी बदलता येते. वर तसंच पबमध्ये जाऊन चार माणसांत बसताही येतं. हलका हवा, रात्रीत वाळणारा हवा, खिसे हवेत. लोकरीचा तर नकोच, भिजला की नुसतं ओझं. एवढं साधं काम होतं. त्यात कूळ कुठून उपटलं?

सोबत आलेल्या पुष्करला मात्र चेव आला. “अरे, हे तर सेम टू सेम आपलं शहाण्णव कुळी!” आणि तो दुकानदाराला इंग्रजीतून शहाण्णव कुळं समजावून सांगायला लागला.

पुष्कर वाईट नव्हता हो. प्रणयला फ्लू झाला तेव्हा पाच दिवस डबा घेऊन येत होता. तीन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यानंच सहज विचारलं होतं, “मोरे म्हणजे शहाण्णव कुळी ना रे?” आणि प्रणय ‘हो’ म्हणून गेला. एक ‘हो’. पुढं तो एक ‘हो’ सांभाळता सांभाळता त्याच्या नाकी नऊ आले. कुणी देवक विचारलं तर पंचाईत नको, म्हणून तेही त्यानं इंटरनेटवर शोधून ठेवलं होतं. मोऱ्यांचं देवक मोराचं पीस. पुष्करला एकदा ते ठोकूनही दिलं होतं.

आणि आज त्याच दुकानात, स्टुलावर, मांडीवर पिशवी घेऊन त्याचे वडील बसले होते. यादवराव मोरे. खडकीच्या विहारात चाळीस वर्षं भाषणं केलेला माणूस. दारात पोस्टमन आला तरी आधी ‘जयभीम’, मग सही. सख्ख्या मेहुण्यानं नोकरीत अडचण नको म्हणून आडनाव बदललं, तर ह्या गृहस्थानं वीस वर्षं त्याच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं.

ते येऊन सहा आठवडे झाले होते. तेवढे दिवस प्रणयनं त्यांना मंडळाच्या लोकांच्या वाऱ्यालाही उभं केलं नाही. कधी त्यांना सर्दी झाली, कधी जेटलॅग. महिना उलटला तरी जेटलॅग! त्यांनी जिवापाड जपून आणलेला बाबासाहेबांचा फोटोही त्यानं हॉलमध्ये लावू दिला नाही. “ऊन येतं पप्पा, विटेल,” म्हणाला. कॉव्हेंट्रीत ऊन! बोलताना त्याची त्यालाच लाज वाटली. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती. यादवरावांनी फोटो आपल्या खोलीत नेऊन ठेवला. आज पुष्कर न कळवता गाडी घेऊन दारात आला आणि “काका, तुम्हीपण चला की!” म्हणाला, तिथं सगळं फसलं.

“काका,” पुष्कर आता त्यांच्याकडंच वळला, “सांगा ना ह्यांना. तुम्हां मोऱ्यांचं देवक काय?”

चोराच्या मनात चांदणं. प्रणयनं आरशातूनच पाहिलं. आता पप्पा उठणार, छाती काढून कोण आहोत ते सांगणार. मित्रासमोर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, ते एक. पण आपलं पोरगं इथं तीन वर्षं दुसऱ्याच कुणाचं म्हणून वावरतंय, हे पप्पांना आज, ह्या दुकानात, अशा अवतारात कळणार! आणि तरीही त्याच्या मनात आलं ते एवढंच, ‘गप्प बसा हो पप्पा, पाया पडतो.’ असं मनात आल्याबद्दल त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यादवरावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

“मोराचं पीस,” ते म्हणाले. “लग्नात मांडवात पुजतात आमच्याकडं.”

“वा काका! अस्सल!” पुष्करनं टाळी दिली आणि आपला किल्ट घेऊन तो पडद्यामागं गेला.

प्रणयला कमरेचा पट्टा सुटेना. पप्पांच्या लग्नात मांडवात मोराचं पीस नव्हतं. बुद्धाची मूर्ती होती, तिच्यापुढं मेणबत्त्या होत्या. घरात फोटो आहे. तो स्टुलापाशी गेला. त्याला वर बघवेना.

“पप्पा, तुम्हाला हे...”

“बरोबर आलं ना रे?” यादवरावांनी पडद्याकडं बघत अगदी हळू विचारलं. “मागं तू व्हिडिओ कॉल बंद करायला विसरला होतास. ह्याच पोराला आपलं देवक सांगत होतास, तेव्हा ऐकलं. इकडं यायच्या आधी पाठ करून ठेवलं. ऐन वेळी विसरतो की काय, एवढीच धास्ती होती बघ.”