वळवलेलं पान

फर्निचरच्या दुकानाची वेबसाइट सर्चमध्ये पार तळाला गेली होती. ती वर आणा, नाहीतर दुसरी नोकरी बघा, असं साहेबांनी बजावल्यापासून वेबसाइट सांभाळणारी ती तुटलेल्या लिंक चालू पानांकडे वळवत बसली होती.

एकच लिंक काही ऐकेना. तिच्याआधी या जागेवर असलेल्या बाईंचं साइटवरचं बंद पडलेलं परिचयाचं पान तिने स्वतःच्या परिचयाच्या पानाकडे वळवलं होतं. व्हायचं मात्र उलटंच. तिचं पान उघडलं की फोटोत त्या बाई हसायच्या.

"बोक्या, हे तुझेच उद्योग ना?" तिने शेजारच्या डिझायनरला दरडावलं.

"आईशप्पथ नाही गं! पासवर्ड तुझ्याकडेच असतो ना?"

तिचा विश्वास बसला नाही. त्याच्यादेखत तिने पासवर्ड बदलला, ते वळवणं, म्हणजे रीडायरेक्ट, काढून टाकलं आणि स्वतःचं पान उघडलं.

पुन्हा त्या बाईच. या खेपेला त्यांच्या अंगात तिचा निळा स्वेटर होता.

तिने चटकन खुर्चीच्या पाठीवर हात नेला. मघाशी तिथे अडकवलेला स्वेटर हाताला लागलाच नाही.

"बोक्या, हे बघ!"

बोक्याने मान वर केली आणि तो अवघडून उभा राहिला.

"माफ करा," तो म्हणाला, "आपल्याला कुणाला भेटायचंय?"