एका चाकाची खोड

"दुसरं चाक घरी राहिलं का रे, जुनैद?" ओट्यावरून शेजारच्या भटूने विचारलं.

जुनैद इन्व्हर्टर दुरुस्त करायचा. चोपडा गावात हा प्रश्न त्याला दोन वर्षांत सगळ्यांनी विचारून झाला होता, भटूच काय तो राहिला होता. त्याने विजेवर चालणारं ते एकचाकी वाहन पिशवीतून काढलं आणि अंगणात कौतिकआबांसमोर ठेवलं. मध्ये एक जाड टायर, दोन्ही अंगांना पाय ठेवायला फळ्या, वर उचलायला मूठ. बस.

आबा साठ वर्षं गुरांच्या बाजारात होते. आसपासच्या गावांत त्यांनी हात फिरवल्याशिवाय बैल विकत घेणारा माणूस विरळा. नातीने, पुनमने, जुनं वाहन घ्यायचं ठरवलं तेव्हा ते त्यांनीच पारखायचं, हे घरात कोणी ठरवलंसुद्धा नव्हतं. ते ठरलेलंच होतं. "आबा नाही म्हणाले तर नाही," असं पुनमच बोलून बसली होती आणि आता ओठ चावत उभी होती.

ती केळीच्या रोपांच्या कंपनीत होती. शेतोशेती जाऊन रोपं तपासायची. पुढच्या महिन्यापासून नऊ गावं मिळणार होती, आणि प्रत्येक फाट्यापासून शेत दोन-दोन किलोमीटर आत. हे चाक एसटीत मांडीला टेकून उभं राहतं. ते मिळालं नाही, तर साहेब तिला ऑफिसात टेबलावर बसवणार होते. टेबल रिकामं होतं, पंखाही होता. पुनमला त्या पंख्याचीच धास्ती होती.

आबांनी चाकाला एक प्रदक्षिणा घातली.

"तोंड कोनीकडे शे?"

"दोन्हीकडे, आबा," जुनैद म्हणाला. "आपण जिकडे झुकू तिकडे ते जातं."

"म्हंजे पुढारी शे."

भटू हसला. आबा हसले नाहीत, ते माहिती म्हणून बोलले होते.

जुनैदने बटण दाबलं. चाक गुरगुरून ताठ झालं. आबांनी सवयीने, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी, त्याच्यावर थाप मारली. चाक हातभर पुढे पळालं आणि आडवं पडून जागच्या जागी घरघर फिरायला लागलं. आबा दोन पावलं मागे सरले.

"चमकस," बुजऱ्या बैलाची करावी तशी त्यांनी नोंद केली.

"आबा, हाई यंत्र शे, ढोर नही," पुनम म्हणाली.

"माहीत शे. ढोर ऱ्हातं तं आत्तेलोंग वळखी लेतू." ते जुनैदकडे वळले. "खोड सांग."

"काहीच नाही, आबा. एकदम फस्ट क्लास. टायरसुद्धा नवा."

"खोड नही आसं ढोर मी साठ वरीसमा दखं नही. हात ठेव."

जुनैदला ही रीत माहीत होती. बाजारात विकणारा जनावराच्या पाठीवर हात ठेवून खोड सांगतो. सांगितलेली खोड घेणाऱ्याच्या नशिबी, लपवलेली निघाली की जनावर परत. त्याने चाक उभं केलं. मुठीवर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"मारकं शे का?"

"नाही."

"चालता चालता बसस का?"

जुनैदने शर्टाचं वरचं बटण काढून गळ्याखालचं हाड दाखवलं. मधोमध मोडून जुळल्याची गाठ होती.

"एकदा बसलं, आबा. बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली होती, समोर पुलाचा चढ. मी जोर दिला आणि ते बसलं."

"आनि तू?"

"मी पुढे गेलो."

भटूसुद्धा हसला नाही. पुनमने आबांच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून दिलं. टेबल, पंखा आणि साहेबांचा चहा तिला स्पष्ट दिसायला लागला.

"बसाना पह्यले काही बोलनं का ते?"

"टीं-टीं वाजलं. तीनदा वाजलं. मला वाटलं, घर जवळ आहे, जाईल." जुनैदने शर्टाचं बटण लावलं. "तेव्हापासून माझी बायको तहरीम म्हणते, एक तर हे घरात राहील, नाहीतर मी."

"तीनदा सांगं तेनी तुले," आबा म्हणाले. "मंग खोड कोनामा शे? चाकमा का तुनामा?"

जुनैदने मुठीवरचा हात काढून घेतला.

"चालाडी दखाड," आबा पुनमला म्हणाले.

पंधरा दिवस ती तहरीमला सोबत घेऊन कॉलेजच्या मैदानावर हे चाक शिकताना पडत होती. घरी ते योगा म्हणून माहीत होतं. तिने हेल्मेट घातलं, गुडघ्यांना पॅड बांधले, एक पाय ठेवला, दुसरा ठेवला आणि गल्लीतून सरळ निघाली. हात जरा पसरलेले, पाठ ताठ. कोपऱ्यावरून केळीच्या घडांनी भरलेला ट्रॅक्टर वळला.

"होऽ होऽ होऽ!" आबा बैलाला थांबवावं तसे ओरडले.

पुनम मागे झुकली. चाक जागेवर थांबलं. ट्रॅक्टर निघून गेला.

"याला ब्रेकची दांडी पण नाही," भटू पुटपुटला. "तुमचं कसं ऐकलं?"

पुनम परत येईपर्यंत आबा उभेच होते. ती उतरली, तेव्हा त्यांनी जुनैदपुढे हात पसरला.

"दावं?"

सौदा झाला की विकणाऱ्याने जनावर बांधायचं दावंही द्यायचं असतं. जुनैदला सुचलं. त्याने पिशवीत हात घालून चार्जर काढला.

आबांनी ती काळी वायर बोटांतून फिरवली, दोन्ही हातांनी ओढून तिचा पीळ तपासला, नीट वेटोळं केलं आणि पुनमच्या हातात ठेवलं.

"रोज सांजले बांधत जाय."