नववी फ्लॉपी

"आठवीत काय निघालं?" खुर्चीत टेकण्याआधीच आजोबांनी विचारलं.

"आधी बसा तरी. केवढी धाप लागलीय," ताई म्हणाली.

दंतवैद्याच्या दवाखान्यावर, दोन जिने चढून तिचं दुकान होतं. बिघडलेल्या संगणकांमधून लोकांची हरवलेली माहिती परत काढून द्यायची, हा तिचा धंदा. पाण्यात पडलेला लॅपटॉप, जळालेली हार्ड डिस्क, बाकी सगळ्यांनी हात टेकले की लोक तिच्याकडे येत. पण फ्लॉप्या घेऊन गेल्या दहा वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी हे आजोबा रुमालात बांधलेल्या नऊ फ्लॉप्या घेऊन आले, तेव्हा तिला माळ्यावर चढून जुना ड्राइव्ह शोधावा लागला होता.

"हिची डायरी आहे," आजोबा तेव्हा म्हणाले होते. "कचेरीत टायपिस्ट होती ना, हातानं लिहायचा कंटाळा. सगळं संगणकावर. आता तिला काही म्हणजे काही आठवत नाही. मी समोर बसलो तरी विचारते, तुम्ही कोण? आम्हाला मूलबाळ नाही. म्हटलं, तिचंच लिहिलेलं तिला ऐकवावं. काही आठवलं तर आठवलं."

ताईनं रुमाल जवळ ओढला. तिचे वडील शेवटची दोन वर्षं तिला शेजारीण समजत होते. जाताना तिचा हात धरून म्हणाले होते, "माझ्या मुलीला निरोप द्याल का?" ती सल अजून गेली नव्हती. हातातली बाकी सगळी कामं तिनं बाजूला सारली.

काम सोपं नव्हतं. फ्लॉप्यांना बुरशी लागली होती. स्पिरिटच्या बोळ्यानं आतली चकती पुसायची, वाळवायची, ड्राइव्हमध्ये सरकवायची आणि खरखर ऐकत बसायचं. एकेक तुकडा चाळीस वेळा वाचावा, तेव्हा कुठं एकदा धड हाती लागे. लागला तरी जुन्या फॉण्टमधली ती अक्षरं नव्या पडद्यावर नुसती गिचमिड दिसत. ती उलगडायला तिनं एक छोटा प्रोग्राम लिहिला, आणि एका सकाळी आजी बोलायला लागल्या.

'आज ह्यांनी सायकल विकून मला चष्मा आणला. मी रागावले. मग आरशात बघितलं आणि राग गेला.'

'हे घरी येताना जिन्यातूनच शीळ घालतात. भांडण झालं असलं तरी.'

'चारचौघांत ह्यांच्यासाठी मी नुसती "अगं ऐकलंस का". एकटे असलो की हे मला वकीलसाहेब म्हणतात, कारण मी वाद अर्धा सोडत नाही.'

"सगळीकडे नुसतं 'हे'!" ताई हसून म्हणाली होती. "ह्यांनी असं केलं, ह्यांनी तसं केलं. नाव म्हणून औषधाला नाही."

"हे म्हणजे मीच की!" आजोबाही हसले. खिशातून छोटी वही काढून ते टिपून घेऊ लागले. "शीळ कसली, ते लिहिलंय का गं? कुठलं गाणं वगैरे? वय झालं, पोरी. तिचं पुसलं गेलं तसं माझ्याही डोक्याची चाळणी झालीय."

गाणं दुसऱ्याच दिवशी चौथ्या फ्लॉपीत सापडलं. आजोबांना काय आनंद झाला!

आज आठवी. त्यात एवढंच होतं, की हे रोज झोपण्याआधी तिच्या उशाशी पाण्याचा पेला ठेवतात आणि दोनदा टिचकी वाजवतात. आजोबांनी तेही लिहून घेतलं.

"एकदम अंगावर जाऊ नका हं," ताईनं बजावलं. "आधी जिन्यातून शीळ. मग पेला, टिचकी. आणि मग अगदी हळू म्हणायचं, वकीलसाहेब."

आजोबांनी मान डोलावली. शाळेतल्या मुलासारखे ते दोनदा पुटपुटले, "वकीलसाहेब, वकीलसाहेब."

तिसऱ्या दिवशी सकाळीच ते आले. चेहरा नुसता फुलला होता.

"ओळखलं! शीळ ऐकली आणि उठून बसली. म्हणाली, किती उशीर केलात! माझा हात सोडेना."

ताईच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. आपण वडिलांना नाही, पण कुणाला तरी परत आणलं, असं तिला वाटलं.

"मग? पुढं काय झालं?"

"मग काय, सांगितलं तिथं सही केली. दोन महिने घराचे कागद अडले होते. परक्या माणसाच्या सांगण्यावरून सही करणार नाही, म्हणून हटून बसली होती. आता घर विकून टाकतो. तिला एखाद्या चांगल्या सोयीच्या ठिकाणी ठेवतो."

"नववी राहिलीय अजून. बुरशी फार आहे, पण मी सोडणार नाही."

"राहू दे गं. काय करायचीय आता? टाकून दे."

छापलेली पानं बगलेत मारून आजोबा निघाले. जिना उतरताना ते शीळ घालत होते.

नववी फ्लॉपी टाकून द्यायला ताईचा हात धजेना. दुपारभर ती तिच्याशी झटत राहिली. तीन वेळा पुसली, दोन वेळा वाळवली. चार वाजता एक फाइल निघाली, एकुलती एक. पडद्यावर ओळखीची गिचमिड आली.

तिला राहवेना. प्रोग्राम सुरू करून तिनं आजोबांना फोन लावला.

"बोल, पोरी."

"आजोबा, नववी उघडली! आजींचं आणखी एक पान. थांबा, फोन ठेवू नका, वाचूनच दाखवते," ताई म्हणाली आणि उमटत जाणारी पहिली ओळ मोठ्यानं वाचू लागली,

"ह्यांना जाऊन आज एक वर्ष झालं."