रुमालातली डिस्क

मास्तरांनी दुरुस्तीवाल्याकडे नव्या कॉम्प्युटरसोबत जुनी हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून आणली. गेलेल्या बायकोचा आवाज त्या डिस्कपुरताच उरला होता. “हिच्यातलं सगळं नव्या डिस्कवर घे,” ते म्हणाले. सिस्टीम टाकताना जुनी डिस्क जोडायची नाही, हा दुरुस्तीवाल्याचा स्वतःचाच नियम. आज कॉम्प्युटर दुसऱ्यांदा खोलायच्या कंटाळ्याने त्याने दोन्ही एकदम जोडल्या. पडद्यावरच्या यादीत एकच दिसली. जुनीने मान टाकली असेल, असं म्हणून त्याने दिसली ती नवी समजून पुसली आणि सिस्टीम चढवली. मग जुनी दिसावी म्हणून डिस्क ओळखणारा स्टोरेज ड्रायव्हर टाकला, तशी दुसरी उगवली. कोरी करकरीत. ड्रायव्हरवाचून अडली होती ती नवी. पुसली गेली ती जुनी.  समोर मास्तर रुमालाची घडी घालत होते. “झालं ना? मग तिचा आवाज लाव. सावकाश लाव, मला कुठे जायचंय?”