वाफा साफ

मूळ काही केल्या सुटेना. सुतारानं पहार आणखी खोल घातली आणि दातओठ खाऊन रेटा दिला. मेलेल्या झाडाची एवढी पकड! "अरे, सूट की बाबा आता," तो चक्क त्या मुळाशीच बोलला.

सकाळी बायकोनं अंथरुणातूनच सांगितलं होतं, "अहो, खिडकीखालचा वाफा साफ करून टाका आज." तीस वर्षं सार्वजनिक बागेत माळीकाम केलेली बाई. यंदा निवृत्त होताना तिथूनच रोपं मागून आणली, वाफा केला, आणि पोटच्या पोरांसारखा जपला. मग आजार निघाला. आणखी एकदा इंजेक्शनं घेतली तर काही महिने हाती लागतील, असं गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले. ती नको म्हणाली. सुतारानं हात जोडले, आदळआपट केली, दोन दिवस जेवला नाही. ती ढिम्म. आणि आज हे. म्हणजे हिनं आवराआवर सुरू केली, दुसरं काय?

तरी खणण्याआधी त्यानं वाफ्यातल्या काड्यांना नख मारून बघितलं. लाकडात जन्म गेलेला माणूस, त्याला का कळत नाही? जित्या फांदीची साल खरवडली की आत हिरवं दिसतं. इथे दहा-बारा काड्या खरवडल्या, सगळ्या पोकळ, कडकडीत वाळलेल्या. कोपऱ्यातल्या गुलाबात तेवढी धुगधुगी होती, तो ठेवला. बाकी सगळा कारभार आटोपला होता. मग कशाला ठेवायचं ते तिच्या डोळ्यांसमोर? रडत रडत तो खणत राहिला. गड्डेच्या गड्डे उपटून चार पोत्यांत कोंबले. हातातलं काम चोख करायची खोड; बोटभर तंतूसुद्धा मातीत ठेवला नाही. दहाच्या सुमारास कचऱ्याची गाडी आली. चारही पोती त्यानं स्वतः आत टाकली. गाडीनं ती तिथल्या तिथे चिरडली.

हात धुऊन तो खोलीत आला, तर ती उशीला टेकून बसली होती. केस विंचरले होते.

"झाला साफ?"

"झाला."

"मग डॉक्टरांना फोन लावा. घेते मी ती इंजेक्शनं."

सुतार तिच्याजवळ येऊन बसला. "खरं सांगतेस? अगं, मग सकाळी ते वाफ्याचं..."

"त्या वाफ्याकडे बघूनच तर ठरवलं," ती म्हणाली. "तुमच्या लाकडी डोक्यात नाही शिरायचं ते. गुलाब लाकूड धरतो, थंडीतही उभा राहतो. या बाकीच्यांना लाकूडच नाही. थंडी आली की वरचं सगळं मरतं. वाळकं कापून टाकायचं, बस्स. खाली मूळ खुशाल जितं असतं, थंडी सरली की नवे कोंब. म्हटलं, ही एवढीशी रोपं मरून परत येतात, मग मला थोडी कळ काढायला काय धाड भरलीय? कोंब बघायचेत हो मला. तेवढे बघते, मग काय व्हायचं ते होऊ दे."

कितीतरी दिवसांनी ती हसली. सुताराला तिच्याकडे बघवेना.

"मुळं नीट आहेत ना?"

"आहेत की," सुतार म्हणाला. "कुठं जातायत ती?"