भरल्या पोटाचे डास

मलेरिया खात्यात माझं काम डास पकडायचं. एकोणसाठ सालच्या श्रावणात एका सकाळी शिवथरला गेलो. तिथल्या महिपतचं बिऱ्हाड मुंबईला गेलेलं. घराची किल्ली शेजारच्या प्रयागबाईंकडे होती.

"शिमग्यापासून कुलूप हाय, सायेब," दार उघडत त्या म्हणाल्या. "आत मानूस नाय, ढोर नाय. डास खातील काय?"

मी माजघराच्या भिंतीवर बॅटरी मारली. कोपऱ्यात, गुडघाभर उंचीवर, चाळीसेक डास बसले होते. झाडून सगळे ताज्या रक्तानं टम्म फुगलेले.

मी उघडा हात पुढे धरला. एकही हलला नाही. पोट भरलं की डासाच्या मेंदूतली भूकच विझते. समोरचा माणूसही त्याला नको असतो. आणि जड झालेला डास लांब जात नाही. जिथं प्यायला, तिथल्याच भिंतीला टेकतो.

भिंतीखाली नुसती जमीन होती, पाच महिन्यांच्या धुळीची.

मी बाहेर आलो. प्रयागबाईंनी कुलूप लावून ओढून पाहिलं.

तेवढ्यात आतून फटकन आवाज आला. उघड्या अंगावरचा डास मारल्यासारखा.

"एकादा उपाशी ऱ्हायला वाटतं," किल्ली कमरेला खोचत प्रयागबाई म्हणाल्या.